‘छान आहे’ याच्या पुढे

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात संध्याकाळी पाचच्या सुमारास पूर्वेकडील गोपुरांतून आत शिरणारा माणूस पहिल्या काही पावलांतच थबकतो. समोर नंदीमंडप, त्यामागे दोनशे फुटांहून उंच चढत गेलेले ग्रॅनाइटचे विमान आणि त्याच्याही मागे कलता सूर्य. थबकलेला माणूस खिशातून मोबाईल काढतो किंवा गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावतो. क्षणभराने तो पडद्याकडे पाहतो आणि त्याचा चेहरा किंचित उतरतो. कारण डोळ्यांना जे दिसले ते पडद्यावर आलेले नसते. एक तर विमान काळेठिक्कर पडलेले असते, नाही तर विमान दिसते आणि आभाळ कोऱ्या कागदासारखे पांढरे होऊन बसते. तरीही तो ते छायाचित्र सोबत्याला दाखवतो. सोबती म्हणतो, ‘‘छान आहे!’’ आणि संभाषण तेथेच संपते.

वस्तुतः ते तेथून सुरू व्हावयास हवे. हौशी छायाचित्रकाराला त्याच्या कामाचा मोबदला मिळत नसतो. मिळालाच तर दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षपूर्वक पाहण्यात तो मिळतो. ‘छान आहे’ हे उत्तर बहुधा न पाहताच दिलेले असते आणि दाखवणाऱ्याला ते ताबडतोब कळते. अशी उत्तरे ऐकत काही जण वीस-वीस वर्षे तेच छायाचित्र पुनःपुन्हा काढत राहतात. उलट बाजूने एखादा जाणकार ‘‘यात काही दम नाही’’ असे एका वाक्यात सांगून मोकळा होतो आणि मग पुढच्या सहलीला कॅमेरा कपाटातच राहतो. निसर्गदृश्ये आणि आभाळ यांच्या बाबतीत हे अधिकच घडते. माणसाच्या छायाचित्राविषयी कोणीही चार शब्द बोलू शकतो. पण ढग, शेत आणि क्षितिज यांच्याविषयी काय बोलावे हे अनेकांना सुचत नाही.

ज्युरीचे पदक आणि गव्हर्नरचा शेरा

दुसऱ्याची छायाचित्रे पाहून त्यांवर मत देण्याची प्रथा आपल्या देशात छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होत. सभासदांनी काढलेली चित्रे सभेत मांडावीत आणि इतरांनी त्यांच्याविषयी बोलावे, असा त्या काळच्या अशा मंडळांचा प्रघात होता. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, मद्रासला एक मोठे प्रदर्शन भरले. मद्रास सैन्यातील लिनिअस ट्राइप नावाच्या एका अधिकाऱ्याने त्यात हळेबीड आणि बेलूर येथील मंदिरांची ६८ छायाचित्रे ठेवली होती. ट्राइप तोपर्यंत हौशीच होता. इंग्लंडमध्ये रजेवर असताना त्याने ही कला आत्मसात केली होती. ज्युरीने त्याची चित्रे प्रदर्शनात सर्वोत्तम ठरवली. त्याच वर्षी ब्रह्मदेशात गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर छायाचित्रकार म्हणून त्याला पाठवण्यात आले आणि नंतर मद्रास सरकारचा अधिकृत छायाचित्रकार म्हणून त्याची नेमणूक झाली.

या नेमणुकीमुळे १८५८ मध्ये ट्राइप तंजावरात आला. शहराच्या इतिहासातील तो काळ उदास होता. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निवर्तले होते आणि पुत्र नसल्याचे कारण पुढे करून कंपनी सरकारने हे मराठी राज्य खालसा केले होते. व्यंकोजीराजांपासून जवळजवळ १८० वर्षे येथे मराठी दरबार भरला. बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. महाराष्ट्रातून येणारा प्रवासी तो विस्तीर्ण शिलालेख वाचू लागला की त्याला छायाचित्रांचा काही काळ विसर पडतो. ट्राइपचे लक्ष मात्र विमानाच्या पायथ्याशी असलेल्या चोळकालीन शिलालेखांकडे गेले. कॅमेरा थोडा थोडा सरकवत त्याने ती अक्षरे टिपली आणि २१ छापे एकाला एक जोडून सुमारे १९ फूट लांबीचा पट तयार केला. एवढी चिकाटी आजही दुर्मीळ आहे.

आभाळ मात्र त्याच्याही हाती लागले नाही. त्या काळचे रासायनिक लेप निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ आंधळे असत. दगडाचा तपशील येईपर्यंत निळे आभाळ निगेटिव्हवर दाट काळे होई आणि छापात ते कोरे पांढरे उतरे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात यावर एक तोड काढली. समुद्रासाठी एक आणि आभाळासाठी एक अशा दोन निगेटिव्हांतून तो एकच छापा काढी. ट्राइपने दुसरा मार्ग धरला. आपल्या अनेक कागदी निगेटिव्हांवर तो कुंचल्याने रंग लावी. रंग लागलेल्या जागी प्रकाश अडे आणि छापात तेथे पांढरा ढग दिसे. ब्रह्मदेशातील त्याच्या काही चित्रांत असे ढग तरंगतात. ते पाहून आज कोणी त्याला लबाड म्हणेल, तर कोणी चित्रकार. हा वाद पुढे पुन्हा येणार आहे.

ट्राइपला मिळालेला दुसरा अभिप्राय गव्हर्नरचा होता. १८५९ मध्ये मद्रासला आलेल्या सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी छायाचित्रण ही सरकारच्या सांपत्तिक स्थितीला न परवडणारी मोठी चैन आहे असे ठरवून ट्राइपचे काम थांबवले. चित्रे चांगली की वाईट हा प्रश्न त्या शेऱ्यात नव्हताच. हिशेब पाहणाऱ्याची बाजूही समजून घेता येते. पण त्यानंतर ट्राइपच्या हातून तशा तोलामोलाचे काम पुन्हा झाले नाही. पहिल्या अभिप्रायाने ज्या हौशी माणसाला तंजावरच्या विमानापर्यंत आणले, त्याचा कॅमेरा दुसऱ्या अभिप्रायाने जवळजवळ बंद केला.

सरफोजीराजांची नेत्रचित्रे

अभिप्राय कसा द्यावा हे शिकण्यासाठी तंजावरातच एक अनपेक्षित ठिकाण आहे. ते म्हणजे राजवाड्याच्या परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालय. सरफोजीराजांना वैद्यकाची, विशेषतः नेत्रवैद्यकाची गोडी होती. त्यांच्या काळात उपचार झालेल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी या ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. नोंदीसोबत त्या त्या डोळ्याचे हाताने काढलेले रंगीत चित्र आहे. रुग्णाला काय होत होते, डोळा कसा दिसत होता आणि मग काय उपचार केला, असा त्या कागदांचा साधारण क्रम. बुबुळावरचा डाग चित्रात जसा होता तसाच आहे. चित्रकाराने तो सौम्यही केला नाही आणि भडकही केला नाही. आधी पाहणे, पाहिलेले नोंदवणे आणि औषधाचे नाव त्यानंतर घेणे, ही शिस्त त्यातून दिसते.

सरफोजीराजे १८३२ मध्ये वारले आणि छायाचित्रणाचा शोध पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाला. सात वर्षांचे हे अंतर मनाला चुटपुट लावते. छापखाना, यंत्रे, नकाशे, वनस्पतींची चित्रे या सगळ्यांत रस घेणाऱ्या या राजाच्या हाती कॅमेरा आला असता, तर तंजावरची पहिली छायाचित्रे बहुधा मराठी दरबारातच निघाली असती.

छायाचित्र पाहणाऱ्यानेही हाच क्रम पाळावा. ‘चांगले’, ‘वाईट’ हे शब्द उच्चारण्यापूर्वी आपल्याला काय दिसते ते सांगावे. ‘‘माझी नजर आधी डावीकडच्या त्या पांढऱ्या पट्ट्यावर गेली, मग कळसावर आली, नंदी मला उशिरा दिसला.’’ इतके साधे वाक्यसुद्धा पुष्कळ काम करते. छायाचित्रकाराला नंदीच दाखवावयाचा असेल, तर चूक कोठे झाली हे त्याचे त्यालाच उमगते. त्यानंतर विचारावे, ‘‘तुम्हांला येथे काय दाखवायचे होते?’’ या प्रश्नाचे उत्तर ऐकल्याशिवाय केलेली सूचना बहुतेक वेळा परीक्षकाच्या स्वतःच्या चित्राविषयी असते, समोरच्या चित्राविषयी नसते. लहान कर्जाचा अर्ज नामंजूर करताना कारण लेखी कळवावे असा बँकांत दंडक आहे. छायाचित्र नापसंत करणाऱ्यावर असे बंधन नसते, म्हणूनच त्याने ते स्वतःवर घालून घ्यावे.

काळे विमान, पांढरे आभाळ

आता आरंभीच्या त्या छायाचित्राकडे वळू. मंदिर पूर्वाभिमुख आहे. संध्याकाळी प्रवेशद्वारातून पाहणाऱ्याच्या समोर सूर्य असतो आणि विमानाची त्याच्याकडील बाजू सावलीत असते. मानवी डोळा उजेड आणि सावली यांच्यातील मोठा फरक सहज सांभाळतो. कॅमेरा एका वेळी त्यांपैकी एकीलाच न्याय देतो. त्यामुळे ‘‘कॅमेरा चांगला घ्या’’ हा अभिप्राय येथे निरुपयोगी आहे. ‘‘उजेड तुमच्या समोरून येत होता’’ हा उपयोगी आहे.

यापुढची सूचना छायाचित्रकाराच्या उत्तरावर अवलंबून राहील. त्याला विमानाची बाह्याकृती हवी असेल, तर आभाळाच्या उजेडाप्रमाणे एक्सपोजर ठेवून विमान मुद्दाम काळे होऊ द्यावे. मात्र मग कळसाभोवती मोकळी जागा हवी, कडेची झाडे आणि दिव्याचे खांब त्या आकृतीत मिसळता कामा नयेत. त्याला दगडावरचे कोरीव काम हवे असेल, तर सकाळी यावे. आणि दोन्ही हवे असेल, तर सूर्य मावळल्यावर थांबावे. आभाळाचा निळा रंग गडद होत जातो, मंदिरावरचे दिवे लागतात आणि काही मिनिटे दोघांचा उजेड एकमेकांना जुळतो. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. युरोपात लिहिलेल्या पुस्तकांत या संधिप्रकाशाचा उल्लेख ऐसपैस वेळ असल्यासारखा येतो. तंजावर विषुववृत्तापासून जेमतेम अकरा अंशांवर आहे. सूर्य येथे जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि वीस-बावीस मिनिटांत अंधार दाटू लागतो. पुस्तकातला सल्ला ठिकाण पाहून द्यावा लागतो. शिवाय पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतील अशा वास्तूंत परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही. तेव्हा ‘‘ट्रायपॉड वापरा’’ असे सांगून मोकळे होण्याऐवजी कॅमेरा हातात स्थिर कसा धरावा हे सांगणे बरे.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे इमारत मागे कलंडल्यासारखी दिसणे. उंच वास्तू चौकटीत बसवण्यासाठी कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. बृहदीश्वराच्या बाबतीत हे ओळखणे अवघड जाते, कारण विमान मुळातच वर निमुळते होत गेले आहे. जाणकार पाहणारा विमानाकडे न पाहता कडेच्या ओवऱ्यांच्या खांबांकडे पाहतो. ते सरळ उभे असले पाहिजेत. ते झुकले असतील तर चार पावले मागे जावे; आवार पुरेसे प्रशस्त आहे. तिरके झालेले क्षितिज हा याचाच धाकटा भाऊ. तो दोष एक-दोन अंशांचाच असला तरी खुपतो आणि घरी बसून अर्ध्या मिनिटात दुरुस्तही होतो. अशा दोषावर पाच मिनिटे व्याख्यान देणारे परीक्षक पुष्कळ भेटतात. सांगणे सोपे, म्हणून ते सांगत राहतात.

सावलीची गोष्ट वेगळी. या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही अशी आख्यायिका वाटाड्यांपासून शाळेच्या सहलींपर्यंत सर्वत्र ऐकू येते. सकाळी किंवा संध्याकाळी काढलेले कोणतेही साधे छायाचित्र तिचा निकाल लावते, कारण आवारात लांबलचक सावली पसरलेली असते. थंडीच्या महिन्यांत तर भर दुपारीही ती उत्तरेकडे दिसते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात दुपारी सूर्य येथे जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा निमुळत्या विमानाची सावली त्याच्याच पायथ्याच्या आत राहते आणि आख्यायिकेचा जन्म कदाचित तेथेच झाला असावा. एखाद्या हौशी छायाचित्रकाराच्या चित्रात कोपऱ्यात ती सावली नकळत आलेली असेल, तर पाहणाऱ्याने तिच्यावर बोट ठेवावे. काढणाऱ्याला कळसाचे चित्र काढावयाचे होते, पण त्याच्या हाती त्याहून मोलाचे काही लागले आहे, हे दुसऱ्याच्या डोळ्यांनाच आधी दिसते.

सपाट प्रदेशातले आभाळ

शहराबाहेर पडले की कावेरीचा त्रिभुज प्रदेश लागतो. सह्याद्रीच्या आधाराने वाढलेल्या मराठी डोळ्याला हा प्रदेश आरंभी रिकामा वाटतो. डोंगर नाही, घाट नाही, कडा नाही. भाताची खाचरे, कालवे, ताडांच्या रांगा आणि वर सगळे आभाळ. येथून परतलेल्यांच्या छायाचित्रांत एक दोष हमखास आढळतो. क्षितिज बरोबर मध्ये असते आणि वरचा अर्धा व खालचा अर्धा भाग एकमेकांशी भांडत राहतात. अशा वेळी ‘एकतृतीयांशाचा नियम’ सांगण्याची पद्धत आहे. नियम वाईट नाही, पण तो सांगण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा, ‘‘त्या दिवशी आभाळात काही घडत होते का?’’ घडत असेल, तर आभाळाला चित्राचा मोठा वाटा द्यावा आणि शेताला खालची एक पट्टी पुरे. आभाळ कोरडे, फिकट असेल तर त्याला वर अगदी थोडी जागा द्यावी आणि जमिनीकडे वळावे. लावणीपूर्वी खाचरांत पाणी तुंबलेले असते तेव्हा मात्र क्षितिज मध्यावर ठेवणेच योग्य ठरू शकते, कारण खालीही आभाळच असते.

हवामानही लक्षात घ्यावे लागते. महाराष्ट्रात भरलेले आभाळ जून ते सप्टेंबरात असते. तंजावरचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरातला. मे महिन्याच्या सुट्टीत येऊन फिकट, धुरकट आभाळाची पन्नास छायाचित्रे घेऊन परतलेल्या पाहुण्याला ‘‘रंग कमी आहेत’’ असे सांगणे अन्यायाचे आहे. त्याला नोव्हेंबर सुचवावा. पाऊस उघडल्यानंतरची एखादी संध्याकाळ त्याला मिळाली, तर निम्मी टीका आपोआप गळून पडेल. पोलरायझिंग फिल्टरने निळा रंग गडद होतो, पण सूर्यापासून काटकोनात असलेल्या आभाळातच त्याचा परिणाम सर्वांत जास्त असतो. रुंद कोनाच्या भिंगावर तो लावला तर आभाळाच्या एका भागात शाईचा डाग पडल्यासारखे दिसते. तसा डाग दिसला की कारण सांगावे. पाहणाऱ्याच्या ज्ञानाचा खरा उपयोग अशाच ठिकाणी होतो.

उसने ढग

ट्राइपच्या कुंचल्याचा प्रश्न आज मोबाईलमध्ये येऊन बसला आहे. एका स्पर्शाने फिकट आभाळ काढून त्या जागी लालभडक सूर्यास्त बसवता येतो. स्पर्धेच्या परीक्षकापुढे अशी चित्रे हटकून येतात. खुणा बहुधा उजेडातच सापडतात. ढग डावीकडून उजळलेले आणि मंदिराची सावलीही डावीकडेच. वर आभाळ पेटलेले आणि खाली दगड दुपारसारखा राखाडी. खाचरातल्या पाण्यात मात्र ढगांचा मागमूस नाही. तरीही थेट आरोप करण्यापूर्वी विचारावे. छायाचित्रकार कदाचित मोकळेपणाने सांगेल की आभाळ दुसऱ्या दिवशीचे आहे आणि त्याला ते चित्र म्हणूनच दाखवावयाचे आहे. तसे असेल तर त्यावर चित्र म्हणून बोलता येते. ‘तंजावर, अमुक दिवशीची संध्याकाळ’ अशी ओळ खाली लिहिली असेल, तर ती नोंद खोटी ठरते आणि तसे स्पष्ट सांगणे भाग आहे. ट्राइपच्या निगेटिव्हला ढग दिसतच नव्हते, आजच्या कॅमेऱ्याला ते दिसतात. म्हणून दोघांना एकाच मापाने मोजू नये, असे म्हणावे लागेल.

आवडनिवड आणि दोष यांतील सीमारेषाही याच संदर्भात येते. धूळ बसलेल्या सेन्सरचे ठिपके आभाळात दिसणे हा दोष आहे. कळसाच्या कडेने पांढरी किनार उमटेपर्यंत रंग ताणणे हाही दोषच. पण कोणाला ढगाळ, करड्या दिवशीचे मंदिर आवडावे आणि कोणाला सोनेरी, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. ‘‘मला आवडले नाही’’ आणि ‘‘हे चुकले आहे’’ ही दोन वाक्ये निराळी ठेवणारा परीक्षक विरळा. परीक्षकाचे मतही स्थिर नसते. १८८७ मध्ये जर्मनीत शिकणाऱ्या आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या अमेरिकन तरुणाच्या एका छायाचित्राला ‘अ‍ॅमॅच्युअर फोटोग्राफर’ या इंग्रजी नियतकालिकाच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले. परीक्षक होते पीटर हेन्री इमर्सन. या इमर्सन यांनी १८८९ मध्ये निसर्गनिष्ठ छायाचित्रणावर पुस्तक लिहिले आणि दोन वर्षांच्या आत आपली मते चुकली असे स्वतःच जाहीर केले!

त्याच स्टिग्लिट्झला पुढे, नामवंत झाल्यावर, एक अभिप्राय झोंबला. लेखक वॉल्डो फ्रँक यांनी असे सुचवले की स्टिग्लिट्झच्या छायाचित्रांतली ताकद समोर बसलेल्या माणसांवर त्याची जी छाप पडते तिच्यातून येते. स्टिग्लिट्झने वादात वेळ घालवला नाही. १९२२ मध्ये त्याने कॅमेरा आभाळाकडे वळवला. ढगांवर कोणाची छाप पडत नाही आणि ते सर्वांना सारखेच फुकट उपलब्ध असतात, असा त्याचा विचार. पुढची सुमारे दहा वर्षे तो ढगच टिपत राहिला. फ्रँक यांचा अभिप्राय बरोबर होता की चूक, हे आज कोणी विचारत नाही. तो नेमका होता, म्हणून त्याला उत्तर देता आले. ‘छान आहे’ या अभिप्रायाला काय उत्तर देणार?

बृहदीश्वराच्या आवारातील त्या सोबत्याला हे सगळे ठाऊक असण्याची गरज नाही. त्याने मोबाईल हातात घ्यावा, पडद्यावर पडणारा उजेड तळव्याने अडवावा आणि चित्र नीट पाहावे. ‘‘आभाळ पांढरे झालेय, पण नंदीच्या मानेची ही रेघ सुरेख आली आहे,’’ एवढे म्हटले तरी दुसऱ्या दिवशीचा बेत बदलू शकतो. सकाळी सहाला मंदिर उघडते. गर्दी नसते, फरशी गार असते आणि गर्भगृहाकडे तोंड करून बसलेल्या नंदीच्या पाठीमागून पूर्वेचा पहिला उजेड विमानावर चढू लागतो. त्या वेळी आभाळ अजून निळे असते.